पंचवीस किरकोळ दिवस

“या जगात ज्याचा आधी अंदाज बांधता येत नाही असं एकही काम नाही,” असं मी भर ऑफिसात उभं राहून जाहीर केलं, तेव्हा आमचं नवं टेबल दारात अडकलेलं होतं. अर्धं आत, अर्धं जिन्यात. दाराचं माप मीच घेतलं होतं.

“काका,” टेबलापलीकडून, म्हणजे जिन्यातून, इंगवलेचा आवाज आला, “मग मी आत कधी येईन, तेवढा अंदाज सांगा.”

तो पाऊण तासाने आत आला. टेबलाचे पाय काढावे लागले.

याला आता पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. कोल्हापुरात शाहूपुरीत, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. साखर कारखान्यांसाठी आम्ही संगणकाचे प्रोग्राम लिहायचो. आम्ही म्हणजे चौघं. मालक चौगुले साहेब. आधी वीस वर्षं एका कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. काट्यावर आयुष्य गेलेला माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि तसं तोंडावर म्हणतही नाही. मग रेश्मा मुजावर. तिशीची, कमी बोलणारी, आमच्यातली खरी हुशार. मग इंगवले, पोरगेला, जास्त बोलणारा. आणि मी, दिगंबर सरनाईक, सत्तेचाळीस वर्षांचा. माझ्याकडे प्रोग्राम लिहिण्याखेरीज अंदाजांचं खातं होतं.

कारखानदार माणूस दोनच प्रश्न विचारतो. कधी देणार, आणि केवढ्याला. आमचा दिवसाचा दर ठरलेला होता, त्यामुळे पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळे. पहिल्याचं उत्तर काढायची आमची एक पद्धत होती. प्रत्येकाने आपल्या वाटणीचं काम किती दिवसांचं ते दुसऱ्याला न दाखवता चिठ्ठीवर लिहायचं आणि घडी घालून टाकायचं. आधी तोंडी विचारायचे, पण त्यात ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा सगळे धरायचे. आवाज माझा मोठा होता. एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरू होत नसे, कारण संगणक दोनच, आणि त्यातला एक पावसाळ्यात रजेवर असे. म्हणून चारही चिठ्ठ्यांची सरळ बेरीज.

चिठ्ठ्या पूर्वी चौगुले साहेबांच्या टोपीत पडायच्या. त्या वर्षी फेब्रुवारीपासून त्या एका स्टीलच्या डब्यात पडायला लागल्या. डबा आमच्याच घरचा होता. झाकणावर कोरलेलं होतं: ‘सौ. शैलजा दि. सरनाईक, १२-५-७७’. आदल्या दिवाळीत शैलजाने ऑफिससाठी बेसनाचे लाडू दिले होते. लाडू दोन दिवसांत संपले, डबा राहिला. दुसऱ्याचा डबा परत न करणं ही ऑफिसांची जुनी खोड आहे, म्हणून मी काही बोललो नाही.

जानेवारीत शैलजा गेली. ताप म्हणून दवाखान्यात नेलं, तीन दिवसांत घरी येईल असं सगळ्यांनाच वाटलं होतं. नवव्या दिवशी संपलं. अंदाज चुकतात.

चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झालो. सरनाईक खंबीर आहेत असं जो तो म्हणाला, आणि मी होतोच. पुरावा होता माझ्याकडे. त्यानंतरच्या सहा महिन्यांत माझ्या प्रोग्रामात एकही चूक निघाली नाही. पूर्वी आठवड्याला दोन-तीन तरी निघायच्या, रेश्मा कागद घेऊन शेजारी उभी राहायची आणि म्हणायची, “सर, हे काय केलंय ते बघा.” आता कुणी येत नव्हतं. वय वाढलं की माणूस अचूक होत जातो, असा मी निष्कर्ष काढला आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःचं अभिनंदनही केलं.

तर टेबल आत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळीच, चौगुले साहेबांनी मला बोलावलं. समोर डबा होता. चिठ्ठ्या उघडलेल्या.

“सरनाईक, ब्याण्णव.”

“काय ब्याण्णव?”

“बेरीज. पन्हाळ्याकडच्या कारखान्याचं काट्याचं काम. दसऱ्याला बॉयलर पेटणार. दसरा कवा? ऐंशी दिवसांनी. ऊस काय आपल्यासाठी फडात थांबतोय व्हय? चेअरमनना पुण्याची कोण पार्टी पंच्याहत्तरात देतो म्हणालीय.”

“पुण्याचे म्हणतात, साहेब.”

“म्हणू द्या. आपल्या आकड्यात पाणी हाय. माझी चिठ्ठी सोडा, ती बरोबर हाय. बाकीच्यातलं पाणी काढा. आज संध्याकाळी मला आकडा कळवायचाय.” साहेबांनी टोपी काढली, तिच्यात बघितलं, जणू उत्तर अजून तिथेच पडत असावं, आणि परत घातली. “हे काम गेलं तर चार खुर्च्या ठेवता यायच्या न्हाईत मला. तीन.”

“कुणाची जाणार?”

“ते माझ्या तोंडनं वदवू नका. वीस वर्षं लोकांना वजन कमी भरलं म्हणून सांगितलंय. पुरे झालं.”

मी डबा आणि जुनी वही घेऊन नव्या टेबलाशी बसलो. सकाळपर्यंत ज्या खुर्च्यांकडे मी बघतही नव्हतो, त्या मोजल्या. इंगवलेच्या खुर्चीवर त्याच्या घरचा हप्ता बसलेला होता. रेश्माच्या खुर्चीवर तिचे आजारी वडील. मी ठरवलं, दोघांपैकी एकाचीही जाऊ द्यायची नाही.

काम आमच्या नेहमीचंच होतं. उसाची भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं. ऊस उतरवून तीच गाडी रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं. भरल्यातून रिकामी वजा केली की उरला तो ऊस. शेतकऱ्याला पावती मिळते. असे काटे आम्ही पाच कारखान्यांना बसवले होते. जुन्या वहीशी ताडून बघितलं तर प्रत्येकाचे कामाचे दिवस बरोबर होते. पाणी शेवटच्या ओळीत होतं. रेश्माच्या अठ्ठावीसमध्ये: ‘किरकोळ – ९’. इंगवलेच्या सव्वीसमध्ये: ‘किरकोळ – ८’. आणि साहेबांच्या स्वतःच्या एकवीसमध्ये, म्हणजे ज्या चिठ्ठीत पाणी नव्हतं तिच्यात: ‘किरकोळ – ८’.

मागच्या पाच कामांत कुणीही किरकोळ असा शब्द लिहिलेला नव्हता.

माझ्या चिठ्ठीत सतरा. एकही किरकोळ नाही. स्वच्छ.

साहेबांना विचारायची सोय नव्हती, म्हणून लहानांपासून सुरुवात केली. जगाची रीतच आहे ती. इंगवले प्रिंटरपाशी होता.

“इंगवले, किरकोळ आठ दिवस. कसले?”

“प्रिंटर, काका.”

“प्रिंटरला आठ दिवस?”

“लई आडमुठा आहे. कागदच ओढत नाही.”

त्याच क्षणी प्रिंटरने करकरत दोन हात कागद ओढून दाखवला. इंगवलेने त्याच्याकडे घरभेद्याकडे बघावं तसं बघितलं.

“लग्न ठरलंय का रे तुझं?”

“नाही हो!”

“मग पळून जायचंय?”

“कुणाबरोबर? काका, तुम्ही रेश्माताईंना विचारा ना. त्यांचेही असतील काहीतरी. मला काय माहीत, चिठ्ठी आहे ती.”

रेश्मा संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. बघतच राहिली.

“रेश्मा, हे किरकोळ म्हणजे काय?”

“किरकोळ, सर.”

“ते वाचलं मी. म्हणजे काय?”

“म्हणजे सांगण्यासारखं नसलेलं.”

“दुसरी नोकरी बघतेयस?”

आता तिने मान वळवली. “सर, तुम्ही जेवलात का?”

“विषय बदलू नकोस.”

“नाही बदलत. जेवलात का?”

मला आठवेना. तिने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि वांग्याची भाजी झाकणात काढून माझ्यापुढे सरकवली आणि परत पडद्याकडे वळली. मी ती खाल्ली, आणि खाताखाता या मुलीला लाच द्यायची कला बरी साधलीय अशी नोंद केली.

चार वाजता मी लाल पेन्सिल घेतली. नऊ गेले, आठ गेले, आणि धाडस करून साहेबांचेही आठ गेले. पंचवीस दिवस एका बैठकीत. ब्याण्णवाचे सदुसष्ट झाले. पुण्याच्या पार्टीपेक्षा आठ दिवस कमी, दसऱ्याच्या आत तेरा दिवस, आणि चारही खुर्च्या जागच्या जागी. मी सगळ्यांना बोलावलं. अशा वेळी उभं राहून बोलायचं असतं, म्हणून उभा राहिलो.

“सदुसष्ट,” मी म्हणालो. “किरकोळ सगळं काढून टाकलं.”

टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण कुणीतरी निदान चहा सांगेल असं वाटलं होतं. तिघंही आपापल्या चपलांकडे बघत होते.

“माझे बी काढले?” साहेब म्हणाले.

“काढले, साहेब. तुम्हीच पाणी काढा म्हणालात.”

“माझं पाणी नव्हतं ते.” साहेबांनी घसा साफ केला. “ते तेवढे राहू द्यात.”

“साहेबांचे राहू द्या सर,” रेश्मा म्हणाली. “माझे काढले ते बरोबर आहे. ते मी घरी करीन.”

“मग माझेपण,” इंगवले घाईने म्हणाला. “मी रविवारी येतो.”

“कशाला येतोस? प्रिंटरची विचारपूस करायला?” माझा आवाज चढला असावा. “काय आहे हे किरकोळ? सहा महिन्यांत मी एक चूक केलेली नाही, आणि तुम्ही तिघं कामावर पंचवीस दिवस जास्त लावताय, आणि वर मलाच—”

“काका, तुम्ही वजाबाकी विसरला होता,” इंगवले म्हणाला.

रेश्माने त्याचा हात धरला, पण वाक्य बाहेर पडलं होतं.

“कुठली वजाबाकी?”

“मार्चात. शिरोळच्या काट्याला. रिकाम्या गाडीचं वजन वजाच केलं नव्हतं तुम्ही. मी सहज चालवून बघितलं म्हणून कळलं. नाहीतर अख्ख्या तालुक्याने बैलांसकट ऊस घातला असता.”

दुकानाच्या मागच्या बाजूला कुणीतरी लोखंड ठोकत होतं. ते थांबलं.

“मला का नाही सांगितलंस?”

इंगवलेने रेश्माकडे बघितलं. रेश्माने डब्याकडे.

“सर, एप्रिलमध्ये तारखा उलट्या पडत होत्या. ते मी केलं. मे महिन्यात एक भाग तुम्ही दोनदा लिहिला होता. तेही काही फार नव्हतं, तुम्ही गेल्यावर तासाभरात व्हायचं. आणि जूनमध्ये, चाचणीसाठी शंभर शेतकऱ्यांची नावं भरायची होती. तुम्ही भरलीत. शंभर वेळा एकच नाव भरलंत.”

कुठलं ते मी विचारलं नाही. डब्याचं झाकण टेबलावर होतं, कोरलेली बाजू वर.

“म्हणून मी नऊ दिवस धरले,” रेश्मा म्हणाली. “तुमच्या भागावरून एकदा हात फिरवायला. किरकोळच आहे ते, सर.”

“थांबा ताई,” इंगवले म्हणाला. “तुम्ही त्याचेच नऊ धरले? मी आठ त्याचेच धरले.”

“तू? तू तर प्रिंटरचे म्हणालास.”

“मग काय सांगू काकांना?”

दोघांनी एकदमच मान वळवली. चौगुले साहेब टोपी हातात घेऊन तिची घडी सारखी करत होते. इतकी सारखी ती नवीन होती तेव्हाही नव्हती.

“मला वाटलं तुम्हा पोरांना ठाऊक न्हाई,” ते म्हणाले. “दोन कारखान्यांतनं फोन आले. माझाच घोळ म्हणून सांगितलं मी त्यास्नी. म्हटलं, ह्यावेळी आठ दिवस काट्यावर स्वतः बसावं, सरनाईकांचं जरा तपासून घ्यावं. मागनं कोण काय बोलायला नको.”

म्हणजे एकाच माणसासाठी तिघांनी, एकमेकांना न सांगता, घडी घालून दिवस टाकले होते. आमची पद्धत अशी चोख होती की कुणाला कुणाचं कळायची सोयच नव्हती. कारखान्याकडे ती बेरीज तशीच गेली असती, तर काम गेलं असतं आणि एक खुर्ची गेली असती. कुणाची, ते आता मला विचारायची गरज उरली नव्हती. आणि मी सदुसष्ट लिहून पाठवलं असतं, तर काम मिळालं असतं आणि दसऱ्याला बैल उसात मोजले गेले असते.

मी खाली बसलो. खरं म्हणजे काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “डबा का नाही दिलात परत?”

“रिकामा कसा देणार सर?” रेश्मा म्हणाली. “संक्रांतीला आमच्या अम्मीकडून शेंगदाण्याच्या वड्या करून आणल्या होत्या, त्यात घालून द्यायला. त्याच दिवशी तुमचा फोन आला, काकूंना दवाखान्यात नेलं म्हणून. मग नंतर काय घालावं ते सुचेना. तसाच कपाटावर ठेवला, तर तुम्ही त्याच्याकडे बघत बसायचात. काम सोडून, दोन-दोन तास.”

“म्हणून मी चिठ्ठ्या टाकल्या,” इंगवले म्हणाला. “म्हटलं, काहीतरी असू दे आत.”

मी माझी सतराची स्वच्छ चिठ्ठी घेतली. खाली एक ओळ लिहिली आणि साहेबांकडे सरकवली.

साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. “किरकोळ, अकरा. हे कसले?”

“माझे.”

“कशासाठी?”

“लागतील.”

अकराच का, दहा का नाहीत, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. इतक्या वर्षांत इतका बिनबुडाचा आकडा मी कधी लिहिला नव्हता. साहेबांनी बोटांवर बेरीज केली. सदुसष्ट आणि अकरा.

“अठ्ठ्याहत्तर,” ते म्हणाले. “दसऱ्याच्या आत बसतंय. दोन दिवस उरले की ओ.”

“ते प्रिंटरला द्या,” इंगवले म्हणाला.

पुण्याच्या पार्टीपेक्षा आम्ही तीन दिवस जास्त सांगितले, तरी चेअरमननी काम आम्हालाच दिलं. पंच्याहत्तर आणि ऐंशी हे दोन आकडे सगळेच सांगतात, अठ्ठ्याहत्तर सांगणाऱ्याने खरोखर मोजलं असणार, असं ते म्हणाल्याचं साहेबांनी सांगितलं. काम शहात्तर दिवसांत झालं. माझ्या अकरांतले मी नऊ वापरले. एकदा तीन दिवस घरी राहून शैलजाचं कपाट आवरलं. बाकीच्या सहांचं सांगण्यासारखं काही नाही. त्या सहांतल्या एका दिवशी रेश्मा कागद घेऊन शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, हे काय केलंय ते बघा.” मला इतकं बरं वाटलं की चूक दुरुस्त करायला मी मुद्दाम वेळ लावला.

दसऱ्याला बॉयलर पेटला. पहिली गाडी काट्यावर आली तेव्हा मी तिथेच होतो. भरलेली मोजली, रिकामी मोजली, आणि पावतीवरची वजाबाकी कागदावर हाताने तीनदा करून बघितली. गाडीवाला म्हणाला, “अवो साहेब, बैलं तहानलीत, सोडा की.”

नोव्हेंबरात पहिल्या पोत्याची पूजा झाली. साहेब त्यातली साखर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर डबा होता. चिठ्ठ्या काढून, घासूनपुसून, काठोकाठ साखर भरून. शेजारी तिघंही उभे होते आणि तिघंही दुसरीकडे बघत होते.

“सर, तुमचा डबा,” रेश्मा म्हणाली. “उशीर झाला.”

“किती दिवसांचा अंदाज होता?” मी विचारलं.

“चार,” ती म्हणाली. “दिवाळी झाली की लगेच देणार होतो.”

मी डबा घरी नेला. आठवड्याने इंगवले म्हणाला, “काका, नवीन काम आलंय. चिठ्ठ्या कशात टाकायच्या? साहेबांची टोपी फार तेलकट झालीय.” म्हणजे डबा परत न्यायला हवा होता. आणि तो भरलेला आला होता, तेव्हा मलाही तो रिकामा नेता येत नव्हता.

शैलजा लाडू कसे करायची ते मी तिला एकदा विचारलं होतं. बेसन किती? अंदाजानं. तूप? अंदाजानं. भाजायचं किती वेळ? “अहो, अंदाज येतो,” असं ती म्हणाली होती, आणि वर, “तुम्हाला नाही यायचा,” असंही. मी एक तास धरला. दोन रविवार लागले. पहिल्या रविवारचं बेसन करपलं. दुसऱ्या रविवारी कारखान्याची साखर दळून घातली आणि सतरा लाडू झाले. एक मी खाल्ला. तसा नव्हता, पण त्याच घरचा वाटत होता.

सोमवारी डबा उघडून नव्या टेबलावर ठेवला. तिघांनी एकेक उचलला. रेश्मा खिडकीकडे वळली. इंगवले, आयुष्यात पहिल्यांदाच, गप्प होता. साहेबांच्या डोळ्यांत पाणी दिसलं. मी दोन वाक्यं तयार करून आणली होती, आदल्या रात्री लिहून काढलेली, एक त्यांच्याबद्दल आणि एक तिच्याबद्दल. मी उभा राहिलो. बोलायला तोंड उघडणार तोच साहेबांनी हात वर केला. मी थांबलो.

साहेबांनी खूप कष्टाने गिळलं.

“सरनाईक,” ते म्हणाले, “आधी जरा पाणी द्या.”